डीजेने गिळलेलं उत्तर

शॅननच्या एकाच फोनात दोन घरची सुकेळी नांदत होती. एक तिच्या मम्मीची, प्रिस्काची, बोळिंजला टॉवरांच्या मागे उरलेल्या जुन्या घरातली. दुसरी सासूची, पॉलिनची, इथली निर्मळची. दोघी राजेळी केळी पिकवायच्या, सोलायच्या, उन्हात घालायच्या, आणि मधाच्या रंगावर आली की सुक्या पानात गुंडाळून बांधायच्या. ऊन दोघींच्या अंगणात एकच यायचं. चव कुणाची सरस, हे विचारायची छाती मात्र दोन्ही गावांत कुणाला नव्हती.

शॅनन घरी बसून छोट्या धंद्यांची जाहिरात सांभाळायची. निर्मळच्या यमुनाताईंचे गजरे होते. चिंचोटीकडचं एक फार्महाऊस होतं, ज्याच्या मालकाला भर एप्रिलमध्येही फोटोत धबधबा हवा असायचा. आणि ही दोन सुकेळी. माल तोच, पण चार ठिकाणी चार जिभांनी बोलायचं. फेसबुकवर कॅनडा-दुबईला गेलेली मंडळी, त्यांना गावची आठवण काढून रडवायचं. इन्स्टाग्रामवर टॉवरमधली नवी बिऱ्हाडं, त्यांना "वरून साखर नाही" एवढं सांगितलं की पुरे. गुगलच्या नकाशावर फक्त वेळ आणि वळण. राहिलं व्हॉट्सॲपचं स्टेटस. तिथे नातलग बघतात, म्हणून तिथे विकायचं कमी आणि दाखवायचं जास्त.

"बाकी सगळं तुझं तू बघ," प्रिस्काने तिला पहिल्याच दिवशी बजावलं होतं. "स्टेटस मात्र मला विचारून टाकायचं. तिथे ती बघते."

"ती" म्हणजे पॉलिन. पॉलिनला विचारलं तर म्हणायची, "मला काय कामं नाहीत, तिचं स्टेटस बघायला?" पण प्रिस्काचं स्टेटस कुणी कुणी पाहिलं हे उघडलं, की पहिलं नाव पॉलिनचंच.

दोघी विहिणी बोलत नव्हत्या. का, ते ऐका. शॅननच्या लग्नात मांडवाखाली बायकांनी विहिणीला डिवचायची गाणी धरली होती. मुलीकडच्यांनी टोमणा मारायचा, मुलाकडच्यांनी तो झेलून उलटा फेकायचा, मग सगळ्यांनी हसून जेवायला बसायचं, अशी रीत. त्या दिवशी प्रिस्काने पदर खोचला आणि आवाज लावला:

*विहिणीच्या सुकेळीची ऐका गं मात,*
*चावता चावता वऱ्हाडाचे पडले दात!*

मांडव हसला. पॉलिन उठली, तिने घसा साफ केला, तोंड उघडलं, आणि नेमका तेव्हाच डीजेवाल्या पोराने बटण दाबलं. पुढचे दोन तास धडाम-धडाम. पॉलिनचं उत्तर तोंडात आलेलं तसंच परत गेलं.

पॉलिनला वाटलं, चारचौघांत माझा माल नासवला आणि मला बोलूही दिलं नाही. प्रिस्काला वाटलं, मी एवढी हौसेने गायले आणि हिने मला उत्तराच्याही लायकीची धरलं नाही. दोघींच्या काळजात एकच काटा, पण काढायला दोघींनी दोन दिशांना तोंडं केलेली. तेव्हापासून प्रिस्काने लेकीच्या घरी पाऊल टाकलं नव्हतं.

आता शॅननच्या जॉयलचा बाप्तिस्मा तोंडावर आला होता. बाळाला दोन्ही आज्यांच्या मांडीवर एका घरात बघावं, एवढंच तिला हवं होतं. प्रिस्का फोनवर म्हणाली, "चर्चमध्ये येईन. देवाच्या घराशी माझं काही भांडण नाही."

"आणि आमच्या घरी?"

"तिथे माझं काय काम?"

शॅननचा नवरा ॲलिस्टर म्हणाला, "तू एवढ्या लोकांची मार्केटिंग करतेस. या दोघींची एकमेकींत कर की."

बिचारा सहज बोलला. शॅननच्या डोक्यात मात्र दिवा पेटला. दोघींच्या ऑनलाइन पानांच्या किल्ल्या तिच्याच हातात होत्या. उत्तरच राहिलंय ना? मग देऊन टाकू. तिने बाळाला झोपाळ्यात घातलं, एका पायाने झोका दिला, आणि सासूच्या नावाने स्वतः गाणं रचून चारही ठिकाणी सोडून दिलं:

*आमची सुकेळी गोड, तुमचीही छान,*
*दोघी मिळून वाढवू या वसईचा मान!*

खाली दोन फुलं, एक सूर्य.

पहिला फोन बोळिंजहून आला.

"शॅनन, हे कुणी लिहिलं?"

"आईंनी. दुसरं कोण लिहिणार?"

"खोटं बोलू नको. तुझी सासू मला 'छान' म्हणायची नाही. म्हणालीच असेल, तर तिला आधी डॉक्टरकडे ने." मग आवाज जरा उतरला. "मला वाटलं होतं, खरंच उत्तर आलं."

फोन ठेवते न ठेवते तोच दारात पॉलिन उभी. हाताला केळ्याचा चिकटा, हातात मोबाईल.

"हे गाणं आहे की नगरसेवकाचा बॅनर?"

"आई, मी म्हटलं—"

"काय म्हटलंस? वाच, वाच! 'वसईचा मान'! कॅनडाचे दीर गाण्याखाली हात जोडल्याची चित्रं टाकून बसलेत. मी काय वारले? आणि ती काय म्हणेल? एवढा वेळ घेतला आणि पॉलिनला शेवटी हे सुचलं?"

"मग तुम्हाला काय सुचलं होतं?" शॅननने हळूच विचारलं.

बाहेर बांबूच्या ताटव्यांवर सुकेळी ऊन पीत पडली होती. पॉलिनने हात धुतले, अंगावरची साडी नीट केली, आणि आंघोळीला जायचा हुकूम द्यावा तशी म्हणाली, "कॅमेरा लाव."

ताटव्यांमध्ये ती उभी राहिली. पहिली ओळ कापरी निघाली. दुसरीला आवाजाने आपली वाट धरली, जुन्या सायकलीने उतार धरावा तशी:

*दात पडले म्हणता ना, सांगा विहीणबाई,*
*टोपली फस्त करताना दुखले कसे नाही?*

शॅननच्या हातातला फोन हसण्याने हलला, तेवढा व्हिडिओही हलला. "परत घेऊ या का?"

"काही नको. टाक तसंच. आणि स्टेटसला आधी टाक."

दुपारपर्यंत कॅनडाचे दीर हात जोडायचे सोडून टाळ्या वाजवू लागले. टॉवरमधल्या मुली विचारू लागल्या, दात पाडणारी सुकेळी कुठे मिळेल. यमुनाताईंनी गजरे ओवता ओवता निरोप धाडला, "माझ्याही पानावर कुणाला तरी शिव्या दे ना ग." सगळीकडे गलबला, फक्त बोळिंज गप्प. शॅननला स्टेटस पाहिलेल्यांच्या यादीत मम्मीचं नाव दिसलं, पण तिचा शब्द नाही. चर्चमध्ये यायचंही रद्द झालं तर?

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रिस्काचा फोन आला.

"रविवारी किती वाजता जमायचं?"

"चर्चमध्ये ना? दहाला."

"चर्चमध्ये फादर मला गाऊ देतील का? घरी किती वाजता ते सांग."

"मम्मी, तू घरी येणार?"

"आत येणार नाही. फाटकातून उत्तर देईन आणि माघारी फिरेन. फोनवर उत्तर देणाऱ्यातली मी नव्हे. गाणं तोंडावर म्हणायचं असतं."

रविवारी बाप्तिस्मा झाला, जॉयल डोक्यावर पाणी पडताच सगळ्या चर्चला ऐकू जाईल असा रडला, आणि पाहुणे पॉलिनच्या अंगणात जमले. थोड्या वेळाने फाटकाशी रिक्षा थांबली. प्रिस्का तिच्या चार मैत्रिणींसह उतरली. फाटक उघडंच होतं. ती बाहेरच उभी राहिली, पदर खोचला.

पॉलिन ओटीवर आली. ॲलिस्टरने स्पीकर लावला होता, त्याच्याकडे न बघता ती म्हणाली, "ते यंत्र बंद कर. आज बटण दाबलंस तर बोट मोडीन."

प्रिस्काने आवाज लावला:

*दुखले हो दुखले, पण सांगू कुणापाशी?*
*लेक दिली तुम्हाला, बोलणार मी कशी?*

मैत्रिणींनी ओळ उचलून धरली. हसता हसता एकीने डोळे पुसले. पॉलिनने टोमणा झेलून उलटा फेकला:

*लेक दिली म्हणता, आम्ही हातावर झेलली,*
*चहा टाक म्हटलं, तर मोबाईल घेऊन गेली!*

"आई!" शॅनन ओरडली. कुणी लक्ष दिलं नाही. प्रिस्का फाटकाच्या आत आली, कारण एवढ्या लांबून टोमणा नीट लागत नव्हता.

*मोबाईल तिचा वाजतो म्हणून धंदा तुमचा चाले,*
*एरवी तुमच्या सुकेळीला गिऱ्हाईक मुंग्याच आले!*

"पण त्या दिवशीचं ते बॅनरवालं गाणं कुणाकडचं ग?" पॉलिन मध्येच साध्या आवाजात म्हणाली. "आमच्याकडे असलं कुणी रचत नाही. तुमच्याकडूनच आलंय."

"माझ्याकडे होती तोवर बरं रचायची," प्रिस्का पायरीवर चढत म्हणाली. "तुमच्याकडे येऊन बिघडली."

"बिघडली म्हणजे? जेवायला काय कमी घालतो का आम्ही?"

"जेवायला घालता, पण मीठ—" आणि प्रिस्काला ठसका लागला. ऊन डोक्यावर, गाणं वरच्या पट्टीत, खोकला थांबेना. पॉलिन पुढे धावली. तिने प्रिस्काच्या दंडाला धरून तिला ओटीवरून आतल्या खोलीत ओढलं, खुर्चीत बसवलं, तांब्या तिच्या तोंडाला लावला. मम्मी उठून जायच्या आत शॅननने घाईने झोपेतला जॉयल तिच्या मांडीवर ठेवला. प्रिस्काचा एक हात आपोआप बाळाच्या पाठीशी गेला, दुसऱ्यात तांब्या.

प्रिस्का घटाघट पाणी पीत होती. पॉलिनने पाहिलं, विहिणीचं तोंड भरलेलं आहे, हात गुंतलेले आहेत. असा मोका परत कधी येणार?

*मुंग्यांना मी झाडूने पाठवलं खाली,*
*विहीण मात्र वासावर थेट घरात आली!*

सगळं घर हसलं. प्रिस्काने तोंडभर पाणी तसंच धरून, डोळे मोठे करून, तांब्यावरचं एक बोट उचललं आणि पॉलिनसमोर नाचवलं: थांब. गिळू दे.