मर्लबाईंचं हिरवं स्टिकर

कॉम्प्युटरच्या पडद्यावर गेम चालवून बघायचा आणि 'झाला तयार' म्हणून मिरवायचं, असल्या लोकांचा मला मनापासून राग येतो. जुन्या गेम-मशीनवाल्यांच्या आमच्या क्लबच्या पत्रकात मी तसं लिहिलंही होतं. दोन पानं, नावं घेऊन. ज्या जुन्या मशीनसाठी गेम करता त्या मशीनवर त्याचा घाम काढा, नाहीतर करू नका, जा घरी विणकाम करा, असं शेवटी ठणकावलं होतं. कुणाला वाईट वाटेल वगैरे विचार मी करत नाही. त्या दोन पानांत पहिलं नाव सिना लेओताचं होतं.

सिना दातांच्या दवाखान्यात कामाला आहे. वय चौतीस. सहा आठवड्यांत एक गेम करते, तोही तयार अवजारं वापरून. इथलं चित्र उचल, तिथं ठेव, बटण दाब, झाली कॅसेट. आणि मी? स्टीलच्या कारखान्यात अठ्ठावीस वर्षं क्रेनची वायरिंग केली. मशीनची भाषा एका झेरॉक्स काढलेल्या पुस्तकावरून शिकलो, ज्याची सतरा पानं गहाळ होती. एका गेमला चार वर्षं घातली. पोस्टमन मोटरसायकलवरून पत्रं वाटतोय आणि वरून मॅग्पाय पक्षी डोक्यावर झेपावतायत, एवढाच गेम. सप्टेंबर महिन्यात, या पक्ष्यांच्या अंडी घालायच्या दिवसांत, आमच्याकडे ज्यानं घराबाहेर पाऊल टाकलंय त्याला पुढचं सांगायची गरज नाही.

हे सगळं मी कॅसेटीत बसणाऱ्या सगळ्यात लहान चिपमध्ये बसवलं होतं. बत्तीस हजार सातशे अडुसष्ट बाइट, एकही शिल्लक नाही. तेही पत्रकात छापून आणलं होतं.

आता फक्त मर्लबाईंचं स्टिकर हवं होतं.

मर्ल हॉस्किन यांचं कॉरिमलच्या मुख्य रस्त्यावर व्हिडिओचं दुकान होतं. भाड्यानं जाणारी गेमची प्रत्येक कॅसेट त्या स्वतः मशीनला लावून बघत आणि चालली तरच तिच्या पाठीवर हिरवं गोल स्टिकर लावत. दुकान बंद होऊन वीस वर्षं झाली, बाई एक्याऐंशीच्या झाल्या. पण आमच्या क्लबात अजून कायदा त्यांचाच आहे. नवीन गेमची एकच कॅसेट करून क्लबच्या जत्रेच्या सकाळी हॉलवर आणायची. दुकानातलं ते पिवळं पडलेलं मशीन आदल्या दिवसापासून वायर काढून थंड ठेवलेलं असतं. बाई तीनदा चालू करणार, दर वेळी मध्ये एक कप चहा होईपर्यंत वायर काढून ठेवणार. तिन्ही वेळा चाललं तर स्टिकर. मगच बाकीच्या चिपा भरायच्या आणि विकायच्या. एकदा जरी अडलं, तर पुढच्या जत्रेपर्यंत घरी.

पण पुढची जत्रा बाईंच्या हातची नव्हती. मुलीकडे टाऊन्सव्हिलला कायमच्या निघाल्या होत्या. मशीनही बरोबर जाणार होतं, आणि पट्टीवर तीनच स्टिकरं उरली होती.

मी अकरा वर्षांचा असताना याच बाईंनी मला दुकानातून वर्षभरासाठी हाकललं होतं. कॅसेटमध्ये फुंकर मारली म्हणून. जगातली सगळी पोरं मारतात, पण बाईंचं म्हणणं, थुंकीनं पितळ सडतं. चाळीस वर्षं झाली. एवढ्या वर्षांत मला दुसऱ्या कुणाच्याही शाबासकीची पडलेली नाही. त्या बाईंच्या हातचं हिरवं स्टिकर मात्र मला हवं होतं. हो, हवं होतं. हसायचं तर हसा.

अकरा वाजता हॉल भरला होता. दाराशी आमच्या क्लबातला स्टाव्रोस सॉसेज भाजत होता आणि धूर सगळा आत.

"ये डेस्मंड," मर्लबाई म्हणाल्या. "चार वर्षं लागली म्हणे. चर्च बांधत होतास का?"

"सावकाश केलं, मिसेस हॉस्किन. नीट केलं."

"बघू की. बोटं पुसलीस का? सॉसेज खाल्लेलं दिसतंय."

मी बोटं पुसली. बाईंनी कॅसेट खाचेत बसवली, मशीन चालू केलं. धून वाजली. पोस्टमन आला, मोटरसायकल फुरफुरली. मागून कुणीतरी "वा, डेस!" म्हणालं. बाईंनी पहिल्या घराच्या पेटीत पत्र टाकलं.

आता एक मॅग्पाय यायला हवा होता. सुरुवातीला एकच येतो.

आले दोनशे. आभाळ काळंपांढरं झालं, पोस्टमन दिसेनासा झाला, धून एका सुरावर अडकली आणि किंचाळत राहिली. पडदा गोठला.

त्यानंतर मी काय केलं ते मी ठरवून केलेलं नाही. हातानं केलं. मशीन बंद केलं, कॅसेट उपसली आणि ओठांपाशी नेली.

"डेस्मंड प्रुइट!"

सॉसेजचा चुरचुर आवाज ऐकू यायला लागला. मी गाल फुगवलेले तसेच.

"खाली ठेव," बाई म्हणाल्या. "श्वास नाकानं सोड."

मी सोडला.

"आता ऐक. एक वाजता टेम्पो येतोय आणि हे मशीन खोक्यात जातंय. नियमानं तू आत्ताच घरी जायला हवंस. पण पुढची जत्रा मी बघणार नाही, म्हणून बारापर्यंत थांबते. बारानंतर देव आला तरी नाही."

मी कोपऱ्यातल्या टेबलावर लॅपटॉप उघडून बसलो. कान तापले होते. माझ्या घरच्या मशीनवर हा गेम हजारदा चालला होता. हजारदा! खऱ्या मशीनवर, कॉम्प्युटरवर नाही. मग या पिवळ्या खोक्याला काय रोग झाला?

तेवढ्यात शेजारची खुर्ची ओढली गेली. सिना. एका हातात पावात गुंडाळलेलं सॉसेज, वर कांदा.

"अंकल, बसू का?"

"मजा बघायला आलीस?"

"मजा झाली की मघाशी. गाल फुगवून काय दिसत होतात! आता काम करू. पक्ष्यांचा आकडा सुरुवातीला शून्य कोण करतं?"

"शून्यच असतो तो."

"हो, पण करतं कोण?"

"मशीन."

"कुणाचं मशीन?"

"माझ्या घरचं," मी म्हणालो, आणि लख्ख कळलं.

वीज आली की या मशीनची मेमरी झोपेतून उठते, आणि प्रत्येक मशीन वेगळी स्वप्नं बघून उठतं. कुणाच्या खणात शून्य, कुणाच्या खणात दोनशे. पहिल्या झटक्यात सगळे खण आपण पुसून घ्यायचे असतात. हे पहिल्या धड्यात असतं. माझ्या पुस्तकात पहिला धडा त्या सतरा पानांत गेला असणार. माझ्या घरचं मशीन त्या एका खणात नेमकं शून्य घेऊन उठायचं. रोज. चार वर्षं. मी त्याला माझी हुशारी समजत होतो.

"किती मशीनांवर लावून बघितलात?" सिनानं विचारलं.

"एका."

"एका! आणि आम्हाला पत्रकात दोन पानं? माझ्याकडे तीन मशीनं आहेत, दोन वर्षांपूर्वी मी म्हटलं होतं, पाठवा, मी लावून बघते. काय उत्तर दिलंत आठवतंय?"

आठवत होतं. इथं लिहिण्यासारखं नाही.

"पुसायला किती जागा लागेल?" ती कांदा चावत म्हणाली.

"चोवीस बाइट."

"शिल्लक किती आहेत? अरे हो, पत्रकात वाचलं होतं."

"शून्य," मी म्हणालो.

"मग कापा काहीतरी. कुत्र्याचं भुंकणं?"

"कुत्रं राहणार."

"शेवटची धून अर्धी करा."

"मेलो तरी नाही."

"मग पडद्यावरची अक्षरं बघू. अक्षरं लोक वाचत नाहीत." आणि मी थांबवायच्या आत तिनं लॅपटॉप स्वतःकडे वळवून अक्षरांची यादी खाली सरकवली.

आता खरं सांगतो. गेमच्या पहिल्या पडद्यावर दोन्ही बटणं एकदम दाबली की एक गुप्त इंग्रजी ओळ उमटत होती. ती मी दोन वर्षांपूर्वी, तिला आधी स्टिकर मिळालं त्या दिवशी, घरी जाऊन लिहिली होती. कुणाला सांगितलं नव्हतं. लोकांना पाच-सहा वर्षांनी सापडावी, तोवर हजार कॅसेटी घरोघर गेलेल्या असाव्यात, असा बेत होता.

सिनाचं चावणं थांबलं.

"'सिना लेओताला दहा जन्मांत हे जमणार नाही,'" तिनं मोठ्यानं वाचलं.

मी कारखान्याच्या साहेबाला तोंडावर चोर म्हटलेला माणूस आहे. पण त्या क्षणी टेबलाखाली शिरावंसं वाटलं.

आणि ती हसायला लागली. साधं नाही. पोट धरून, खुर्चीसकट. सॉसेज हातातून निसटून माझ्या बुटावर पडलं. स्टाव्रोस चिमटा घेऊन धावत आला, त्याला वाटलं घशात अडकलं.

"अहो, अंकल... त्रेचाळीस बाइट! माझ्यावर त्रेचाळीस बाइट खर्च केलेत! माझ्या नवऱ्यानं लग्नाच्या कार्डावर एवढी अक्षरं लिहिली नव्हती!"

"काढतो," मी म्हणालो.

"काढा. चोवीस मिळतात की त्यात. वर एकोणीस उरतात."

"सिना."

"काय?"

"मी चुकलो. ओळीत पण आणि दोन पानांत पण." हे शब्द माझ्या तोंडून सहसा निघत नाहीत, त्यामुळे जरा खरखरीत निघाले.

"बारा वाजायला पंचवीस मिनिटं आहेत," ती म्हणाली. "रडारड नंतर."

मी ओळ पुसली. चोवीस बाइटांत मेमरी पुसायचं लिहिलं. सिनानं एकदा वाचलं, एका आकड्यावर बोट ठेवलं. तो मी घाईत चुकवला होता. दुरुस्त केला. उरलेल्या एकोणीस जागांत मी काय टाकलं ते तिला बघू दिलं नाही. कोरी चिप भरली, जुनी उपसून नवी बसवली, स्क्रू पिळला. बाराला सहा मिनिटं.

"मिसेस हॉस्किन!"

"ऐकू येतं मला."

पहिल्यांदा चालू केलं: एक मॅग्पाय. वायर काढली, चहा. बाईंनी तो इतका सावकाश प्यायला की मला कप हिसकावून घ्यावासा वाटला. दुसऱ्यांदा: एक मॅग्पाय. पुन्हा चहा. बारा वाजून गेले होते. बाईंनी घड्याळाकडे पाठ करून खुर्ची ओढली होती. तिसऱ्यांदा: धून, पोस्टमन, मोटरसायकल, एक मॅग्पाय. बाईंनी त्याला अशी हूल दिली की मागून टाळी पडली. मग दुसरा, तिसरा. एक्याऐंशीव्या वर्षी ती बाई माझी पहिली गल्ली एकही पत्र न पाडता वाटून मोकळी झाली. मला त्याला आठवडा लागला होता.

"कुत्रं छान भुंकतं," त्या म्हणाल्या.

"थँक यू."

"मघाशी कोपऱ्यात एवढं हसायला काय झालं होतं?"

मी सिनाकडे बघितलं. ती छताकडे बघत होती. मग मीच सांगितलं. सगळं, जोरात, हॉलला ऐकू जाईल असं. ओळ काय होती, कुणावर होती, चूक कुणी शोधली. शरम वाटली, पण लपवलेली शरम मला त्याहून घाण वाटते.

"आणि आता तिथं काय आहे?" बाईंनी विचारलं. मशीन बंद-चालू करून त्यांनी पहिल्या पडद्यावर दोन्ही बटणं दाबली.

एकोणीस इंग्रजी अक्षरं उमटली. बाईंनी चष्मा वर करून वाचली, "'दुरुस्ती: सिना लेओता.'" आणि माझ्याकडे वळल्या. "चार वर्षं तू लावलीस, दुरुस्त तिनं केलं. मग गेम कुणाचा म्हणायचा?"

"माझाच!" मी म्हणालो. "पण चालतो तिच्यामुळे."

"अंकल, रडू नका हं," सिना म्हणाली. तिचंच नाक लाल झालं होतं.

मर्लबाईंनी पर्समधून पट्टी काढली. नखानं एक हिरवा गोल सोडवला, कॅसेटच्या पाठीवर ठेवला आणि अंगठ्यानं दाबला. वाकडाच लागला. त्यांचे सगळे वाकडेच असतात.

"आणि तोंड लांब ठेव कॅसेटपासून," त्या म्हणाल्या.

बाहेर टेम्पो आला होता. सहा जणांनी मिळून ते पिवळं मशीन खोक्यात ठेवलं, भोवती स्टाव्रोसचे टॉवेल कोंबले. टाऊन्सव्हिलपर्यंत त्याला कांद्याचा वास येणार. उरलेली दोन स्टिकरं बाईंनी सिनाच्या हातात दिली आणि म्हणाल्या, आता तुझ्याकडची तीन मशीनं थंड ठेवत जा. कायदा तिच्याकडे गेला. मला विचारलं असतं तर मी भांडलो असतो, आणि मला कुणी विचारलं नाही.

मग मी चिपा भरायला बसलो. चाळीस कोऱ्या होत्या, रांग दारापर्यंत. सिना शेजारी बसून स्क्रू पिळत होती आणि प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगत होती, "दोन्ही बटणं एकदम दाबा हं, माझं नाव येतं."

पत्रकाच्या पुढच्या अंकात माझी माफी छापून आली. दोन पानं. तिसऱ्या पानावर, एकाच मशीनवर गेम तपासणाऱ्या गाढवांबद्दल मी जे लिहायचं ते लिहिलं आहे, आणि त्यातलं पहिलं नाव माझं आहे.