मास्तरांचे खांदे

वसाहतीच्या उन्हाळी मेळाव्यात ज्येष्ठांची संगीत खुर्ची लागोपाठ तीन वर्षं एकाच बाईनं जिंकावी आणि ती वाजवणाऱ्याचीच बायको असावी, मग लोक काय बोलणार हे वेगळं सांगायला नको. बक्षीस दर वर्षी थर्मासच. घरात माणसं दोन आणि थर्मास तीन, असा मास्तरांचा संसार झाला होता.

मास्तर म्हणजे नगरपालिकेच्या बँडमधले जुने क्लॅरिनेटवाले. बँड केव्हाच मोडला, पण ‘मास्तर’ हे नाव चिकटलं ते चिकटलंच. मेळाव्यात लिंबू-चमच्यापासून रस्सीखेचीपर्यंत सगळ्या खेळांना कर्ण्यावरची गाणी चालत, पण संगीत खुर्ची मास्तरांच्या क्लॅरिनेटवरच व्हायची. शाळेच्या सिमेंटच्या मैदानात खुर्च्यांचं रिंगण मांडायचं आणि मास्तरांनी पायरीवर, रिंगणाकडे पाठ करून उभं राहायचं. वाजवणाऱ्यानं बघायचं नाही, हा नियम.

त्यांची बायको टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती. गावभरचे आवाज तिच्या कानांतून गेलेले. पलीकडच्या माणसानं नुसतं ‘हॅलो’ म्हटलं की कोण बोलतंय, घरात भांडून बोलतंय का, सर्दी झालीय का, हे ती सांगून मोकळी व्हायची. वसाहतीतली मुलं तिला हॅलोआजी म्हणत, आणि त्या नावाचा तिला भारी अभिमान होता.

तक्रार केली ती ड्रायव्हरकाकांनी. हे बस चालवून निवृत्त झालेले, अंगानं आडवे आणि तिन्ही वर्षं दुसरे आलेले. मेळाव्याची सगळी उठाठेव करणाऱ्या केमिस्टच्या दुकानात उभं राहून त्यांनी चार माणसांदेखत विचारलं, “नवऱ्यानं थांबवायचं आणि बायकोनं बसायचं. ही स्पर्धा म्हणायची की संसार?”

सगळे हसले. मास्तरही खोकल्याच्या गोळ्या घ्यायला तिथेच उभे होते, तेही हसले. केमिस्टला मात्र ते लागलं असावं. दुसऱ्याच दिवशी त्यानं जाहीर केलं, की यंदा मास्तर पडद्याआडून वाजवतील. शाळेच्या रंगमंचाचा निळा पडदा पायरीसमोर बांधायचा, म्हणजे कुणाला बोलायला जागा उरणार नाही.

आता मास्तरांची पंचाईत झाली. कारण ड्रायव्हरकाका म्हणत होते त्यात तथ्य होतं. मास्तर खुणा करत होते.

झालं होतं ते असं. बँड मोडला तेव्हा मास्तरांनी क्लॅरिनेटची पेटी माळ्यावर टाकली होती. ऐकणारं कोण आहे आता, म्हणाले. महिनाभरानं बायको स्वतः शिडी लावून चढली, पेटी खाली आणली, पुसली आणि म्हणाली, “मी आहे ना ऐकायला.” तेव्हापासून रोज संध्याकाळी स्वयंपाकघरात, खिडकीजवळच्या खुर्चीत बसून मास्तर वाजवत, आणि ती भाजी निवडता निवडता ऐके. एखादा सूर हलला की निवडणारा हात थांबायचा. इतकी तयार श्रोती तर बँडस्टँडवरही नव्हती.

मग कधीतरी तो हात थांबेनासा झाला. दाराची घंटा वाजली तरी ती उठेना. लेकीचा फोन आला की “आयुष्यभर फोनच घेतले, आता तुम्ही घ्या,” म्हणून ती रिसीव्हर मास्तरांच्या हातात द्यायची. मास्तरांना शंका आली, आणि एका संध्याकाळी त्यांनी मुद्दाम एक जुनी चाल साफ बेसूर वाजवली. इतकी बेसूर, की खालून जाणाऱ्या इस्त्रीवाल्यानं मान वर करून पाहिलं. वाजवून झाल्यावर ती म्हणाली, “छान झालं.”

त्या रात्री मास्तरांना जेवण गेलं नाही. तिला विचारावं असं शंभरदा मनात आलं, पण जिनं गाव कानांवर तोललं होतं, तिला कोणत्या तोंडानं विचारणार? ती लपवते आहे तर लपवू दे, असं त्यांनी ठरवलं. घंटा वाजली की “पाय मोकळे करतो” म्हणून तेच उठू लागले. बेसूर मात्र पुन्हा कधी वाजवलं नाही.

संगीत खुर्चीत ती पहिल्यांदा जिंकली तेव्हा मास्तरांना नवल वाटलं. मग उलगडा झाला. रिंगणात सगळ्यांची नजर खुर्च्यांवर असते, तिची मास्तरांच्या पाठीवर असायची. शेवटचा सूर लांबवण्याआधी मास्तर मोठा श्वास घेत आणि त्यांचे खांदे वर जात. ती सवय तिला लग्नापासून ठाऊक. पुढच्या वर्षी मास्तरांनी खांदे थोडे जास्त उचलले. त्याच्या पुढच्या वर्षी इतके, की केमिस्टनं विचारलं, मास्तर, पाठ धरलीय का? लबाडी होती, पण ती जिंकून खुर्चीत बसायची आणि हॅलोआजीचे कान अजून तिखट आहेत असं सगळे म्हणायचे, तेव्हा तिच्या चेहऱ्यावर जे दिसे त्यापुढे मास्तरांना लबाडीचं काही वाटत नसे.

आणि आता पडदा.

“यंदा राहू दे ना,” मास्तर आदल्या दिवशी तिच्यासमोर बसून, तोंड नीट दिसेल असं म्हणाले. “गुडघा दुखतोय तुझा.”

“गुडघा माझा आहे. मला माहितीय किती दुखतोय ते.”

“तीन थर्मास झालेत.”

“चौथा लेकीला देईन,” ती म्हणाली, आणि विषय संपला. पडद्याचं तिला कळलंच नव्हतं. जाहीर केलं ते कर्ण्यावरून.

मेळाव्याच्या दिवशी ऊन उतरल्यावर सगळी वसाहत मैदानात लोटली. पोत्यात पाय घालून उड्या मारणारी मुलं झाली, लिंबू सांभाळत धावणाऱ्या बायका झाल्या, रस्सीखेचीत दोन्ही बाजू एकदमच आपटल्या. मग खुर्च्या मांडल्या. केमिस्टनं पडदा ताणून बांधला आणि वाऱ्यानं उडू नये म्हणून खालच्या कडेवर विटा ठेवल्या. बूट पडद्याखालून दिसू द्यावेत आणि टाच उचलून खूण करावी असा मास्तरांचा बेत होता, तोही बारगळला. आत जाता जाता त्यांनी वळून पाहिलं. ती रिंगणात उभी होती, पदर खोचलेला, पायात टाचेच्या नव्या सँडल, आणि पडद्याकडे बघत होती. तिचा चेहरा उतरला होता. तरी ती रिंगणातून बाहेर पडली नाही.

आत मास्तरांना निळ्या कापडाशिवाय काही दिसत नव्हतं. त्यांनी वाजवायला सुरुवात केली आणि कान बाहेर लावले. इतक्या पावलांत तिच्या टाचा वेगळ्या कळत होत्या, टक टक, घाईच्या. पहिल्या फेऱ्यांची त्यांना तितकी काळजी नव्हती. गर्दीत दुसरे बसले की बघून बसता येतं, आणि चपळाईत तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. मास्तर थांबत, खुर्च्या खरखरत, हशा उठे, केमिस्ट बाद झालेल्याचं नाव पुकारी. दर वेळी ते दुसऱ्या कुणाचंतरी असे आणि मास्तरांचा जीव खाली पडे.

शेवटी एक खुर्ची उरली आणि दोन माणसं. हॅलोआजी आणि ड्रायव्हरकाका.

आता बघून बसायला समोर एकच माणूस होता, आणि तोही कधी पुढे, कधी पाठीमागे. मास्तर वाजवत राहिले. काकांच्या चपला फरफटत होत्या, तिच्या टाचा टकटकत होत्या. काका तिच्या नजरेसमोर असतील तेव्हा थांबायचं, एवढंच त्यांना करायचं होतं. कानांनी माग काढत त्यांनी तीन-चार फेऱ्या जाऊ दिल्या, मनाशी हिशेब बांधला, खांदे वर नेले आणि थांबले.

हिशेब चुकला. खुर्ची धपकन वाजली, म्हणजे काका बसले. आणि टाचा चालतच राहिल्या.

टक टक टक टक. सगळं मैदान चूप झालं होतं आणि ती, नजर सवयीनं पडद्याकडेच असणार, एकटी रिंगण चालत होती. मागे कुणीतरी फिसकन हसलं. एका लहान मुलीचा आवाज आला, “आजी थांबत का नाही?”

मास्तरांनी क्लॅरिनेट परत तोंडाला लावलं आणि जिथे सोडलं होतं तिथूनच ती चाल पुढे उचलली. जणू थांबलेच नव्हते, मध्ये नुसता दम घेतला होता.

“अहो, मी बसलोय की,” काका म्हणाले.

“मास्तर?” कर्ण्यावरून केमिस्टचा आवाज आला. “थांबला होतात ना?”

मास्तर वाजवत राहिले. दुसरं काय करणार? बाहेर नुसत्या टाचा फिरत होत्या, एकदा खुर्चीच्या अलीकडून, एकदा पलीकडून. मग खुर्ची करकरली. जड माणूस उठताना करकरते तशी.

“थांबलं नव्हतं बहुतेक,” ड्रायव्हरकाका सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. “मलाच भास झाला.” आणि त्यांच्या चपला पुन्हा फरफटू लागल्या.

मास्तरांचे डोळे भरून आले. डोळे भरले की श्वास अडतो आणि श्वास अडला की क्लॅरिनेट चिरकतं. तसं ते चिरकलं, पण त्यांनी सोडलं नाही. अडचण आता कळत होती. आपण पुन्हा थांबलो की ती पुन्हा चालत राहणार, आणि दुसऱ्यांदा भास कुणाला होणार नाही. थांबायचं नाही म्हटलं तर छातीत तेवढा वारा कुठे राहिलाय आता? एक चाल संपली, त्यांनी दुसरी धरली. दुसरीच्या मध्यावर सूर तुटू लागले. तेव्हा त्यांनी पायानं वीट बाजूला लोटली, खांद्यानं पडदा सारला आणि वाजवत वाजवत बाहेर आले.

ती समोरच्या बाजूनं येत होती. त्यांना पाहून तिची चाल मंदावली. वाजवणारा कधी रिंगणाकडे तोंड करत नाही, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? मास्तर तिच्याकडे बघत दोन पावलं पुढे आले, खांदे चांगले कानांपर्यंत नेले आणि थांबले.

तीही थांबली. खुर्ची तिच्या हाताशी होती, काका मुद्दाम पलीकडे रेंगाळलेले. बसायचं तेवढं बाकी होतं. पण तिनं मास्तरांचा ओला चेहरा पाहिला, मग काकांचा पाहिला, मग भोवतालच्या माणसांचे, आणि तिला सगळं समजलं.

“बसा,” ती काकांना म्हणाली. “मघाशीच बसला होतात ना?”

काकांनी मान खाली घातली. तिनं केमिस्टच्या हातून माइक घेतला. आवाज तोच होता, एक्स्चेंजमधला, स्वच्छ, कुणालाही घाई नसल्यासारखा.

“मला ऐकू येत नाही. बरेच दिवस झाले. इकडची लाइन गेलीय. कुणी हाक मारली आणि मी बघितलं नाही, तर शिष्ट म्हणू नका, समोर येऊन बोला.” मग ती म्हणाली, “थर्मास ड्रायव्हरकाकांना द्या. आमच्याकडे तीन आहेत.”

लोक आधी हसले, मग टाळ्या वाजवू लागले. ते हात तिला दिसत होते.

घरी स्वयंपाकघरात आल्यावर तिनं दिवा लावला आणि त्यांच्यासमोर बसली.

“तुम्हाला कधीपासून माहीत होतं?”

“मी एकदा चुकीचं वाजवलं,” मास्तर सावकाश म्हणाले, “आणि तू छान म्हणालीस.”

“मुद्दाम वाजवलं होतंत. कळलं होतं मला.”

“म्हणजे ऐकू आलं होतं?”

“ऐकू नाही आलं हो. तोंड बघितलं तुमचं. निकालाच्या दिवशी लेकीचं असायचं, अगदी तस्सं. म्हटलं, काहीतरी पारखताहेत.”

“मग बोलली का नाहीस?”

“बोलून?” तिनं त्यांच्या बाहीवरची पडद्याची धूळ झटकली. “ऐकणारं कोण आहे म्हणून परत पेटी माळ्यावर टाकली असतीत. आता शिडी चढवत नाही मला.”

तिच्या कानांसाठी आपण तिला सांभाळतो आहोत, असं मास्तर इतके दिवस समजत होते. रोज संध्याकाळी न ऐकता ऐकायला बसून ती त्यांना सांभाळत होती.

“उद्या कानाच्या डॉक्टरकडे जाऊ,” ती म्हणाली. “लेकीला सांगा फोन करून. यंत्र बसवायचं तर बसवू. आज वाजवणार आहात का नाही?”

मास्तरांनी डोळे पुसले, पेटी उघडली आणि सवयीनं खिडकीजवळच्या खुर्चीकडे वळले.

“तिथे नको,” ती म्हणाली. “तिथे अंधारात काही दिसत नाही. इकडे या, दिव्याखाली.”

त्यांनी खुर्ची ओढून दिव्याखाली आणली. ती भाजीची परडी मांडीवर घेऊन समोर बसली, पण हात परडीत गेले नाहीत. मास्तरांनी क्लॅरिनेट तोंडाला लावलं आणि श्वास घेतला. खांदे वर गेले. अजून सूर निघायचा होता, तेवढ्यातच ती म्हणाली, “छान.”