दगडाबाईची चूक

“आजी, ती चूल विझवा आधी. लेकरू खोकायलंय अन् तुम्ही धूर घालायलाव!”

सुलेखाने नाकाला रुमाल लावून पातेल्यात डोकावून पाहिलं. पाणी उकळत होतं. आशा कार्यकर्ती म्हणून चिकलठाण्याच्या या वस्तीत ती नऊ वर्षं फिरत होती. इथे नळाला पाणी येतं आठव्या दिवशी. तोवर ते ड्रममध्ये पडून असतं. चुलीपाशी बसलेल्या दगडाबाईला त्या पाण्याचा काडीचा भरवसा नव्हता. मेंढरांमागे हिंडताना डबक्याच्या पाण्याने धडधाकट माणसं आडवी झालेली तिने पाहिली होती. अकरा महिन्यांच्या नातीला, सोनियाला, तिने उकळल्याशिवाय एक घोट दिला नव्हता.

“हे क्लोरीनचं औषध घ्या. घागरीला दोन थेंब टाका, अर्धा तास थांबा. बास. उकळायची कटकट नाय.”

“सगळे किडे मरत्यात व्हय?”

“सगळे. मी खोटं कशाला सांगू?”

ती खोटं सांगत नव्हती, हेच तर वाईट. तिला जे शिकवलं होतं तेच ती सांगत होती, आणि धुराने खोकणारी लेकरं तिला बघवत नव्हती. दगडाबाई तशी कुणाचं ऐकणारी नाही. पण सून मोनिका बाळंतपणात अडली तेव्हा सुलेखानेच रिक्षात घालून दवाखाना गाठला होता. दगडाबाईने ऐकलं. चूल भाकरीपुरतीच पेटू लागली.

दीड महिन्याने सोनियाला जुलाब लागले. सुलेखाने ओआरएसची पाकिटं दिली. मोनिकाने ती त्याच पाण्यात कालवली. जुलाब थांबेनात. मोठ्या दवाखान्यात नेलं तोवर पोरीच्या अंगात काही उरलं नव्हतं. डॉक्टरांनी सोबत आलेल्या सुलेखाला बाजूला घेतलं.

“क्रिप्टोस्पोरिडियम. आतड्यातला परजीवी, पाण्यातून येतो. क्लोरीनला हा दाद देत नाही. पाणी उकळावंच लागतं.”

जुलाब लागल्यापासून अठराव्या दिवशी पोरगी गेली.

त्यानंतर तिसऱ्या दिवशी सुलेखा दगडाबाईकडे गेली. आत मोनिका भिंतीकडे तोंड करून पडली होती. सुनेला ऐकू जाऊ नये म्हणून दगडाबाई उंबऱ्याबाहेर येऊन कुजबुजली,

“ताई, माझंच चुकलं. एक डाव थेंब टाकायचे इसरले मी. लग्नाला जायची घाई व्हती. माझ्या हातानं नात मारली.”

सुलेखा गप्प बसली असती तर कुणाला कधीच कळलं नसतं. पण तिला गप्प बसवेना.

“नाय, आजी. तो किडा थेंबांनी मरतच नाय. तुम्ही उकळत होतात तेच बरोबर होतं. मी बंद करायला लावलं. मी.”

दगडाबाईचा खरखरीत हात सुलेखाच्या गालावरून फिरला.

“लई मायाळू हायेस गं. माझं पाप सोताच्या डोक्यावर घ्यायलीस.”

सुलेखाने पुन्हा सांगितलं. शपथ घेऊन सांगितलं. डॉक्टरांचं नाव घेऊन सांगितलं.

“उगी, बाई, उगी,” म्हणत दगडाबाईने तिला जवळ ओढलं आणि ती सुलेखाचीच समजूत घालत बसली.