ऋचाचा उजवा हात

मित्रांनो, पुण्याच्या बुधवार पेठेतल्या एका गिटारच्या क्लासमध्ये, दाराजवळच्या खुंटीवर मी टांगलेली असते. मी लाल रंगाची इलेक्ट्रिक गिटार, आता जुनीच म्हणायची. साध्या गिटारीच्या पोटाला भोक असतं, तसं मला नाही; माझं अंग भरीव लाकडाचं. माझ्या तारा जिथे संपतात तिथे धातूची एक पट्टी आहे, तिला ब्रिज म्हणतात. वाजवणाऱ्याच्या उजव्या तळहाताची कड तिथे विसावते. त्यामुळे माणसांचे हात मला चांगले ओळखता येतात.

ऋचाने मला धायरीच्या घरी आणलं तेव्हा ती अकरावीत होती. तिचे वडील सर्जेराव जुने शेतकरी. आजूबाजूला इमारती उठल्या तरी घरामागच्या तुकड्यात ते मेथी-कोथिंबीर लावत. त्यांनी मला उलटसुलट करून पाहिलं.

"ह्याला भोकच न्हाई. आवाज कुठनं येनार?"

ऋचाने वायर स्पीकरला जोडली आणि तार छेडली. सर्जेराव दचकून मागे सरले. मग बापलेक हसत सुटले.

ऋचा शिकायला याच क्लासला यायची. क्लास श्रीधर सरांचा. सरांचं बोलणं तिरकस. ऋचा रंगात आली की करंगळी माझ्या अंगावर घट्ट रोवायची आणि सगळा भार मनगटावर टाकायची. सर म्हणायचे, "ऋचाबाई, ती गिटार आहे, पीएमटी बसमधला दांडा नव्हे. हात टेकवा, रेलू नका." मग ते स्वतः हात ठेवून दाखवत. खांदा सैल, मनगट सरळ, आणि माझ्यावर भार किती, तर चिमणी येऊन बसल्याइतका. ऋचाचाही हात दहा मिनिटं तसाच राहायचा. वेग वाढला की ती विसरायची.

कॉलेजात तिचा बँड झाला. तनुजा ड्रम्स वाजवायची. स्टेजवर भारी दिसतं म्हणून ऋचाने माझा पट्टा लांब सोडला आणि मला पार मांडीशी लटकवलं. इतक्या खाली वाजवायला तिला मनगट मुरडावं लागे. बँडची एक स्पर्धा दोन महिन्यांवर आली होती, आणि ती त्या मुरडलेल्या मनगटाने रोज तीन-तीन तास वाजवू लागली. तिचा हात आधी गरम लागायचा, मग थरथरू लागला.

एका संध्याकाळी सर्जेरावांनी तिला मनगट चोळताना पाहिलं.

"काय झालं गं?"

"दुखतंय, आबा."

"सवय न्हाई म्हनून दुखतंय. खुरपनीला आमचं बी हात असंच भरून यायचं. आठ दिसांत अंगवळनी पडतंय बघ."

त्यांनी तेल कोमट करून स्वतः तिचा हात चोळून दिला. किती मायेने चोळत होते! सरांना मात्र ऋचाने काहीच सांगितलं नाही. सरांनी स्पर्धेतून नावच काढायला लावलं असतं. क्लासच्या जिन्यात ती मनगटाला बांधलेली पट्टी सोडायची, पिशवीत कोंबायची आणि हसत आत यायची.

स्पर्धेत त्यांचा पहिला नंबर आला. त्या दिवशी मी जशी वाजले तशी पुन्हा कधी वाजले नाही. बक्षीस घ्यायला दोघी पुढे गेल्या.

"अगं, धर ना!" तनुजा म्हणाली.

"तूच घे," ऋचा म्हणाली.

लोकांना तिचं कौतुक वाटलं. खरं म्हणजे तिची बोटं मिटतच नव्हती.

डॉक्टर म्हणाले, "इतके दिवस अंगावर का काढलंत?" आत सूज येऊन नस दाबली गेली होती. ऑपरेशन झालं, व्यायाम झाले. वर्षभराने तिला लिहिता येऊ लागलं, वेणी घालता येऊ लागली. मग एका दुपारी तिने मला बाहेर काढलं. पट्टा आखूड केला, सरांनी शिकवलं होतं तसा हलका हात माझ्यावर ठेवला. अगदी अचूक ठेवला. सावकाश सूर निघाले. वेग वाढवताच तार छेडायची छोटी चकती, पिक, तिच्या बोटांतून गळून पडली. तिने उचलली. पुन्हा पडली. तिसऱ्यांदा तिने उचलली नाही.

सर्जेराव दारात उभे होते. "म्याच म्हनलं हुतं, अंगवळनी पडंल म्हनून."

"तुमचं काय चुकलं, आबा? सर रोज सांगत होते. मीच ऐकलं नाही."

ते तिच्याशेजारी खाली बसले.

नंतर दोन वर्षं मी कपाटामागे होते. तारा गंजल्या, पट्टा कडक झाला. त्याचं मला फारसं वाटलं नाही. वाटायचं ते त्या घरातल्या शांततेचं. शेवटी ऋचा मला क्लासला घेऊन आली. "सर, ही इथे ठेवा. कोणीतरी वाजवू दे." सरांनी तिचा उजवा हात दोन्ही हातांत घेतला, मग मला या खुंटीवर टांगलं.

आता नवी मुलं मला मांडीवर घेतात. माझी तार तुटली तर याच पेठेत नवी मिळते, रंग उडाला तरी माझं काही अडत नाही. तुमच्या हाताचं तसं नाही, मित्रांनो. तो दुखू लागला तर वाजवणं थांबवा आणि त्याच दिवशी कोणाला तरी सांगा, मग स्पर्धा उद्या का असेना. तुमचा हात आखडला की मला सगळ्यांत आधी कळतं. पण मी लाकडाची. मला सांगता येत नाही, तुम्हाला येतं.