मागचं इंजिन

टकळीच्या तोंडाला कुलूप नाही हे सगळ्या शाळेला माहीत होतं, आणि वक्तृत्वाचं पहिलं बक्षीस मिळाल्यापासून तर तिने किल्लीही फेकून दिली होती. म्हणून रेल्वे फाटकात मालगाडीचं इंजिन विटांच्या ट्रकवर आदळलं आणि फाटकवाले तिचे बाबा भिंतीला टेकून नुसते थरथरत राहिले, तेव्हा चौकशीच्या साहेबांना सगळं तिनेच सांगून टाकलं. ती फाटकालगतच्या घराच्या खिडकीतच होती. गाडी पूर्ण गेली, शेवटच्या डब्यावरची खूण बघून बाबांनी फाटक उघडलं, ट्रक रुळांवर चढला आणि मागच्या इंजिनाने त्याला उडवलं.

घात केला तो त्या 'मागच्या' शब्दाने.

चढामुळे त्या गाडीला तीन इंजिनं. पुढे एकमेकांना जोडलेली दोन, आणि शेवटी एक, न जोडता नुसतं ढकलणारं. चढ संपला की त्याने फाटकाच्या अलीकडे थांबायचं. साहेबांनी मागचं म्हणजे पुढच्या जोडीतलं दुसरं असं धरलं. आता पहिलं न आदळता दुसरं कसं आदळेल? म्हणजे पोरगी बापासाठी थापा मारतेय, फाटक आधीपासूनच उघडं होतं. तिने धावत जाऊन खुलासा केला, तर साहेब म्हणाले, ढकलणारं चढावरच थांबलं होतं असं त्याच्या चालकाने लिहून दिलंय, तू आता शब्द फिरवू नकोस. ट्रकवाला दवाखान्यात बेशुद्ध. इंजिनं तिन्ही एका आईची लेकरं वाटावीत अशी, तिघांच्याही नाकाडावर जुने पोचे, वर शेडमध्ये धुऊनपुसून ठेवलेली. बाबांच्या बाबतीत तुरुंगाची भाषा सुरू झाली.

घरी तिने बाबांची नाना प्रकारे विनवणी केली. तुम्ही सांगा, तुम्ही तर रुळांजवळ होतात. बाबा म्हणाले, मला नीट दिसलं नाही. जन्म फाटकावर गेलेल्या माणसाला अख्खं इंजिन दिसलं नाही! आई चुलीपाशी पाठ करून बसली होती, ती वळलीसुद्धा नाही. टकळीला आधी रडू आलं, मग संताप. मग ती हात धुऊन साहेबांच्या मागे लागली की मला एकदा त्या शेडमध्ये न्या. शेवटी कंटाळून त्यांनी नेलं. बाबा पाय ओढत मागून आले.

तिन्ही इंजिनं ओळीने उभी होती. पहिल्या दोघांपाशी ती वाकली, हात घालून बघितलं, बोटांना नुसतं काळं तेल लागलं. तिसऱ्यापाशी तिने डबे जोडायच्या आकड्याखाली लोंबणारी रबरी नळी उचलली. तिच्या चुण्यांमध्ये लाल भुकटी बसली होती. विटांची. धुणाऱ्याचा हात तिथे पोचला नव्हता.

आनंदाने उडी मारायला ती सरळ झाली, आणि इंजिनाच्या दारात तिला मामा दिसला.

तोच मामा, जो तिला 'आगाऊ कार्टे' म्हणायचा आणि तिच्या भाषणांना सगळ्यात आधी टाळ्या वाजवायचा. तो इंजिन चालवतो हे तिला माहीत होतं, त्या दिवशी हेच चालवत होता हे नव्हतं. चार दिवसांत त्याचे गाल बसले होते. बाबांना काय दिसलं होतं आणि आई का वळली नव्हती, ते तिला एकदम कळलं. आपलेच दात आणि आपलेच ओठ.

"घरी चल, बाळा," बाबा हळूच म्हणाले. "झालं बघून."

 मामाची नजर तिच्या हातातल्या नळीवर होती.

साहेब दोन पावलं मागे, घड्याळ बघत उभे. नळी सोडून दिली असती तर कुणाला पत्ता लागला नसता. पण मग बाबा आत. आणि धरून ठेवली तर मामा, मामी, त्यांची दोन चिमुरडी.  आयुष्यात पहिल्यांदाच तिला वाटलं, दुसरं कुणीतरी बोलावं. 

"साहेब," ती म्हणाली, "मागचं म्हणजे हे. शेवटून ढकलत होतं ते. इथे बघा, विटांची भुकटी."

साहेब वाकले. बराच वेळ वाकून राहिले. मग त्यांनी दाराकडे पाहिलं.

"हा चालक. ओळखतेस याला?"

बाबा रुळावरच खाली बसले.

"मामा आहे माझा," टकळी म्हणाली, आणि तिचा आवाज इतका बारीक आला की साहेबांनी तिला पुन्हा सांगायला लावलं.