अध्यक्षांना आमचा नमस्कार कळवा

मी फोन बोलतोय. बहरीनमधल्या, मनामातल्या एका गुंतवणूक कंपनीच्या मीटिंग टेबलावर मधोमध बसलेला, काळा, चपटा. मीना सलमान बंदराच्या गोदामातून खोक्यात बसून आलो तेव्हा भोळा होतो. मग रोज माणसं ऐकू लागलो. ‘इंशाल्ला, बघू’ म्हणणारा बघणार आहे की नाही, ते मला आता आवाजावरून कळतं. संशयी म्हणा मला, खुशाल म्हणा.

इथे शाळाशिक्षकांची निवृत्तीची पुंजी सांभाळतात. त्यातली काही एका जपानी कंपनीच्या शेअर्समध्ये आहे. तिथले अध्यक्ष हिरानो म्हणतील ती पूर्व दिशा. आता सुधारणा आली म्हणे! संचालक मंडळात बाहेरचा, स्वतंत्र माणूस हवा, अध्यक्षांना जाब विचारणारा. म्हणून कुवाबारा साहेबांना नेमलं. त्यांना पुन्हा निवडायचं का, यावर त्या दिवशी आमचं मत जायचं होतं.

आमचे इथले प्रमुख दत्तप्रसाद सर, त्यांचं ठरलेलं होतं: हो म्हणायचं. जुने संबंध, उगाच वाकडं कशाला घ्या? त्यांच्या हाताखालची रत्नागिरीची कनीज मात्र अडून बसली. हा माणूस नुसता मान डोलावणारा निघाला तर शिक्षकांच्या म्हातारपणाचं काय, म्हणाली. कुवाबारांशी एकट्याशी बोलायचं, अध्यक्ष जवळ नकोत, अशी तिने अटच घातली.

फोन लागला. मी एकटाच आहे, असं कुवाबारा म्हणाले. बोलले गोड. पण प्रत्येक प्रश्नानंतर जरा थांबायचे. आणि कपबशा वाजायच्या, एक जवळ, एक लांब. एकट्या माणसाला दोन कप कशाला हो? मी नुसता तडफडत होतो. मला स्वतःचा आवाज नाही, हेच माझं दुखणं.

कनीजही माझ्याच जातकुळीतली असावी. निरोप घेताना अगदी अदबीनं म्हणाली, "हिरानो साहेबांना आमचा नमस्कार कळवा. त्यांची तब्येत बरी आहे ना आता?"

जन्मात कुणाचा नमस्कार परत केल्याशिवाय राहिला नसेल तो माणूस! दुसराच, जाडा आवाज आला.

"आभारी आहे. आता बरा आहे."

मग तिकडून घाईनं फोन ठेवला गेला. दत्तप्रसाद सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"नाही म्हणून कळव," ते कनीजला म्हणाले.

आता माझ्या जागी मोठा पडदा येतोय. मी अडगळीत जाईन, त्याची तक्रार नाही. पण बाबांनो, पडद्यावर एकच चेहरा दिसला म्हणून माणूस एकटा आहे असं धरून चालू नका. शेजारी कोण बसलंय ते विचारत जा. ज्यांचं म्हातारपण पणाला लागलेलं असतं, ते तुमच्या त्या खोलीत कधीच नसतात.