कॅप्टनच्या टेबलावरची चिठ्ठी

इस्राएलमधल्या आमच्या अराद गावच्या पेन्शनर क्लबची सहल हैफाला जाणार, हे फ्लोराने मला आमची नावं देऊन आल्यावर सांगितलं. लग्नाला तीस वर्षं झाली, बायको आता विचारत नाही, कळवते. बंदर, बाग, एवढं ऐकून मी मान डोलावली होती. ब्रिटिशांचं जुनं मिलिटरी हेडक्वार्टरही दाखवणार आहेत, हे बसमध्ये कळलं. उतरायला नको म्हणून गुडघ्याचं निमित्त केलं, तर अर्धी बस औषधं सुचवायला लागली. झक मारत उतरलो.

त्या इमारतीत मी पस्तीस वर्षांपूर्वी दीड वर्ष काढलं होतं. हवालदार क्लार्क नॅथन चेऊलकर, इंडियन आर्मी. पण ठाण्यात काय आणि इथे काय, लढाईत मी इजिप्तला होतो असंच सगळ्यांना सांगत आलो. फ्लोरालाही.

दालिया नावाची सैन्यातली विशीतली पोरगी इमारत दाखवत होती. "इथे क्लार्क बसायचे," म्हणाली, आणि हेडक्लार्कचं टेबल दारापाशी दाखवलं. माझ्या वेळी ते खिडकीपाशी होतं.

मग तिने आम्हांला तळघरातल्या कोठडीपाशी नेलं.

"त्रेचाळीस साली इंग्रजांविरुद्धच्या गुप्त यहुदी संघटनेतला रफाएल इथे कैदेत होता," ती सांगू लागली. "हत्यारं हलवा, अशी चिठ्ठी त्याने भावासाठी लिहिली. ती इंग्रजांच्या हाती लागली. घरावर धाड पडली, भाऊ मारला गेला, आणि चिठ्ठी कुणाजवळ दिली होती हे न सांगताच रफाएलही कैदेत मेला. रफाएलबरोबर या कोठडीत झेएव होता, तो दुसऱ्याच दिवशी सुटला. त्यानेच दगा दिला, असं सगळे मानतात. झेएव अजून आहे, इथून जवळच राहतो. सख्खी बहीणसुद्धा त्याच्याशी बोलत नाही. तो एवढंच म्हणतो, मी नाही दिली."

खरंच त्याने दिली नव्हती. मी दिली होती.

त्या शुक्रवारी संध्याकाळी, आमचा विश्रांतीचा दिवस शाब्बाथ लागायच्या सुमारास, मी रजिस्टर घेऊन खाली गेलो होतो आणि सवयीने 'शेमा इस्राएल' ही आमची प्रार्थना पुटपुटत होतो. झेएव कोपऱ्यात झोपला होता, पण रफाएलने ते ऐकलं. हिंदुस्तानी शिपाई आणि यहुदी! त्याने गजांतून माझा हात धरला, रडला, आणि चिठ्ठी माझ्या मुठीत कोंबली. दोन तास ती माझ्या खिशात होती. कोर्ट मार्शलची भीती वाटली, बढतीही डोळ्यांपुढे आली. खोटं कशाला बोलू, दोन्ही. मी ती कॅप्टनच्या टेबलावर ठेवली आणि म्हणालो, "सापडली, सर." इतका नीच मी त्याआधी कधी वागलो नव्हतो.

झेएव मेला असता तर मी गप्प बसलो असतो. पण तो जवळच राहत होता. दालियाला इंग्रजी येत होतं, मलाही. पण जी भाषा कॅप्टनपुढे वापरली, ती तिथे तोंडातून निघेना. बाकीची मंडळी वर गेली, तेव्हा मी फ्लोराला थांबवलं. दालियासमोरच मराठीत सगळं सांगितलं, चिठ्ठीसकट, कॅप्टनसकट.

"फ्लोरा, तुझं हिब्रू चांगलं आहे. हिला सांग. झेएवने नाही, मी दिली."

फ्लोराचा चेहरा पांढराफटक पडला. "अहो, आपली पोरं या देशात राहतात," ती हळूच म्हणाली.

"सांग तू."

ती दालियाकडे वळली आणि हिब्रूत म्हणाली, "माझे यजमान विचारतात, ही इमारत कुठल्या साली बांधली?"

दालियाने आनंदाने साल सांगितलं.

फ्लोराने माझा दंड धरला आणि मला जिन्याकडे नेलं. "सांगितलं हो मी तिला," ती म्हणाली. "ती म्हणते, जुनी गोष्ट झाली, झेएवला कळवतो आम्ही. तुम्ही आता जिवाला लावून घेऊ नका."

एवढं हिब्रू मला समजत होतं.

"बरं झालं," मी म्हणालो, आणि तिच्या शेजारी बसमध्ये जाऊन बसलो.